‘सलग तीन’ म्हणजे नक्की किती? ड्रम कोरमधल्या वर्चस्वाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ड्रम कोर स्पर्धेत (पितळी फुंकवाद्यं आणि तालवाद्यं वाजवत मैदानावर कवायत करणाऱ्या तरुणांच्या पथकांची ही दर उन्हाळ्यातली स्पर्धा) १९७२ पासून आजवर एकाही पथकाला सलग चार विजेतेपदं मिळालेली नाहीत. सलग तीन मिळवणारी पथकं तीन, असं सर्रास छापलं जातं: गारफिल्ड कॅडेट्स (१९८३, ८४, ८५), कॅव्हेलियर्स (२०००, ०१, ०२) आणि ब्लू डेव्हिल्स (२०१९, २२, २३). यातली पहिली मालिका निखळ आहे. दुसरीची सुरुवात बरोबरीने झाली. तिसरीच्या मधोमध दोन उन्हाळे रिकामे गेले. तिन्ही एकाच रांगेत बसवायच्या की नाहीत, हा वाद आजही मिटलेला नाही आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही.

१९७२ पूर्वी अशी मोजणी करताच येत नव्हती. माजी सैनिकांच्या दोन संघटना आणि कॅथलिक युवकांची एक संघटना आपापली राष्ट्रीय स्पर्धा भरवत, त्यामुळे एकाच उन्हाळ्यात तीन वेगवेगळे विजेते असू शकत. शिकागोच्या रॉयल एअर्सने १९६५ मध्ये तिन्ही स्पर्धा जिंकल्या आणि त्या काळी वर्चस्वाची व्याख्या तीच होती: एका मोसमात सगळं जिंकणं. पुढे नियम आणि मानधन आपणच ठरवावं म्हणून मोठ्या पथकांनी स्वतःची संघटना उभी केली. तिची पहिली अंतिम फेरी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी झाली आणि अनाहाइम किंग्जमेनने ती जिंकली. वर्षाला एकच विजेतेपद असा हिशेब तेव्हापासून सुरू झाला. त्याआधीची विजेतेपदं आजच्या यादीत जमेला धरत नाहीत आणि ते योग्यच आहे. ती मोजपट्टीच वेगळी होती.

पहिल्या दशकात दोनच्या पुढे कोणी गेलं नाही. सांता क्लारा व्हॅनगार्डने १९७३ आणि ७४ जिंकलं, पण १९७५ मॅडिसन स्काउट्सने नेलं. ब्लू डेव्हिल्सने १९७६ आणि ७७ जिंकलं, १९७८ ला व्हॅनगार्ड आडवं आलं. पुन्हा १९७९ आणि ८० ब्लू डेव्हिल्सचं, तर १९८१ परत व्हॅनगार्डचं. १९८२ धरलं तर ब्लू डेव्हिल्सची सात वर्षांत पाच विजेतेपदं होतात. हा आकडा लक्षात ठेवावा. २००० ते २००६ या सात वर्षांत कॅव्हेलियर्सचीही बरोबर पाचच विजेतेपदं आहेत. एकाच्या नावावर ‘सलग तीन’ आहे आणि दुसऱ्याच्या नाही, हा फरक केवळ विजेतेपदं कुठल्या क्रमाने पडली याचा आहे.

गारफिल्ड कॅडेट्सच्या तीन वर्षांवरही एक आक्षेप घेतला जातो, तो गुणपद्धतीवरून. १९८३ पर्यंत अंमलबजावणीचे गुण ‘टिक’ पद्धतीने देत. परीक्षक हातात पाटी घेऊन मैदानात वादकांमधून फिरे. पाय चुकला, सूर घसरला, काठी उशिरा पडली, की एक टिक, म्हणजे ०.१ गुण वजा. या पद्धतीचे दोष दोन. परीक्षक ज्या ओळीजवळ उभा असे तिथल्याच चुका टिपल्या जात, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला काय बिघडलं ते सुटून जाई. दुसरं म्हणजे अवघड रचनेला शिक्षा होई. सोपी ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या हालचालींचा आराखडा, लिहा, सरळ रेषा आणि समान कमानी ठेवा, चुका आपोआप कमी. १९८४ पासून टिक गेली. शून्यापासून वर चढत जाणारी पद्धत आली आणि आशयाची काठिण्यपातळी सादरीकरणाच्या जोडीने मोजली जाऊ लागली.

कॅडेट्सची वेगवान, असमान आकारांची ड्रिल या बदलाला तंतोतंत जुळणारी होती, म्हणून नियम बदलल्यानेच त्यांचं फावलं असं म्हणणारे आहेत. तारखा पाहिल्या की हा आक्षेप टिकत नाही. १९८३ चं मायामीतलं विजेतेपद त्यांनी जुन्याच पद्धतीत, टिकांचा धोका पत्करून मिळवलं. १९८४ ला अटलांटात आणि १९८५ ला मॅडिसनला नवी पद्धत होती. दोन पूर्ण वेगळ्या गुणपत्रकांवर जिंकलेली ही एकमेव मालिका आहे आणि माझ्या मते तिन्हींत तीच सर्वांत भक्कम आहे. १९८६ ला ब्लू डेव्हिल्सने ती तोडली. १९८७ ला कॅडेट्स पुन्हा जिंकले.

कॅव्हेलियर्सची अडचण २००० सालच्या निकालात आहे. कॉलेज पार्क, मेरिलँड इथे कॅव्हेलियर्स आणि कॅडेट्स दोघांचेही गुण ९७.६५ झाले आणि विजेतेपद दोघांना मिळालं. पाच वर्षांतली ही तिसरी बरोबरी होती: १९९६ ला ब्लू डेव्हिल्स आणि फँटम रेजिमेंट, १९९९ ला ब्लू डेव्हिल्स आणि व्हॅनगार्ड. त्यानंतर पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी झालेली नाही. बरोबरीचं विजेतेपद अर्धं धरायचं का? तसं धरलं तर ब्लू डेव्हिल्सच्या २१ विजेतेपदांतली दोनही अर्धी होतील, आणि तसं कोणी लिहीत नाही. मग कॅव्हेलियर्सनाच वेगळा न्याय कशासाठी? २००१ ला बफेलोमध्ये आणि २००२ ला मॅडिसनमध्ये ते एकटेच पहिले होते. २००२ चे त्यांचे गुण ९९.१५ आणि तो संपूर्ण मोसम त्यांनी एकही हार न पत्करता काढला. २००३ ला त्यांचं सलग चौथं विजेतेपद ब्लू डेव्हिल्सने हिसकावलं.

आता खरा गुंता. ब्लू डेव्हिल्सने २०१९ ला इंडियानापोलिसमध्ये विजेतेपद मिळवलं. २०२० चा मोसम महामारीमुळे रद्द झाला. २०२१ ला पथकं एकत्र आली, मैदानावर सादरीकरणंही झाली, पण ती स्पर्धा नव्हती. गुण नव्हते आणि विजेताही नव्हता. २०२२ आणि २०२३ पुन्हा ब्लू डेव्हिल्सचं. संयोजकांच्या आणि चाहत्यांच्या लिखाणात याला कधी ‘सलग तिसरं’ म्हटलं गेलं, कधी ‘गेल्या तीन स्पर्धांतलं तिसरं’, तर कधी नुसतं ‘एकविसावं’. तिन्ही वाक्यं खरी आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

‘सलग’ मानणाऱ्यांचा युक्तिवाद साधा आहे: ज्या वर्षी स्पर्धाच झाली नाही ते वर्ष कोणी हरलं नाही. न मानणाऱ्यांचं म्हणणं वयोमर्यादेवर उभं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. या पथकांत एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी सभासदाला बाहेर पडावंच लागतं. नेहमीच्या तीन वर्षांत अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी दाखल झालेला वादक तिन्ही विजेतेपदांचा वाटेकरी होऊ शकतो. १९८३ ते ८५ च्या कॅडेट्समध्ये किंवा २००० ते ०२ च्या कॅव्हेलियर्समध्ये हे सहज शक्य होतं. २०१९ ते २०२३ या अंतरात मात्र २०१९ ला एकोणिसाच्या पुढे असलेले बहुतेक सगळे २०२२ पर्यंत वयोमर्यादेबाहेर गेले. तिन्ही मिळवायची तर २०१९ ला सतरा-अठराचं असायला हवं, दोन उन्हाळे थांबायला हवं आणि २०२२ च्या निवडचाचणीत पुन्हा निवड व्हायला हवी. मैदानावरचं पथक म्हणून पाहिलं तर २०२२ चं पथक जवळजवळ नवं होतं.

शिवाय मधल्या काळात प्रतिस्पर्धी तेच राहिले नाहीत. २०१८ चं विजेतं व्हॅनगार्ड आर्थिक अडचणींमुळे २०२३ ला मैदानात उतरलंच नाही.

माझं मत असं की ही मालिका संस्थेची आहे. शिकवणारे, रचना करणारे आणि सरावाची रीत संस्थेकडे टिकून राहते, तिला दोन वर्षांचा खंड फारसा बाधत नाही. म्हणून ‘लागोपाठच्या तीन स्पर्धा’ हे वर्णन अचूक आहे, ‘लागोपाठची तीन वर्षं’ हे नाही. यादी छापताना कंसात वर्षं द्यावीत, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःच मोजता येईल.

मुळात मालिका मोजण्याचा आग्रह या खेळाला फारसा मानवत नाही. त्याचं कारण गुणपत्रकात आहे. एकूण १०० पैकी ४० गुण जनरल इफेक्टचे, म्हणजे एकूण परिणामाचे: दोन कॅप्शन (गुणांचे पोटविभाग), प्रत्येकी २०. दृश्य विभागात तीन कॅप्शन, प्रत्येकी २०, त्यांची बेरीज निम्मी करून ३०. संगीतातही ब्रास (पितळी वाद्यं), पर्कशन (तालवाद्यं) आणि संगीत विश्लेषण अशीच तीन, निम्मी करून ३०. म्हणजे इफेक्टमधला एक दशांश पूर्ण ०.१ मोजला जातो, ब्रासमधला एक दशांश ०.०५. अंतिम फेरीत एखाद्या कॅप्शनला दोन परीक्षक असतील तर त्यांची सरासरी घेतात. अशा वेळी ब्रासच्या एकाच परीक्षकाने एकच दशांश वर-खाली केला तर एकूण गुणांत फरक पडतो ०.०२५ चा.

२००८ ला ब्लूमिंग्टन, इंडियाना इथे फँटम रेजिमेंटने ब्लू डेव्हिल्सना ९८.१२५ विरुद्ध ९८.१०० असं हरवलं. अंतर नेमकं तेवढंच, ०.०२५. उपांत्य फेरीत ब्लू डेव्हिल्स पुढे होते, पण विजेतेपद फक्त शनिवारच्या अंतिम रात्रीच्या गुणांवर ठरतं. गुरुवार आणि शुक्रवारच्या फेऱ्यांचे गुण पुढे धरत नाहीत. या एका रात्रीने ब्लू डेव्हिल्सची २००७ ते २०१० अशी सलग चारची मालिका अडवली. २००७, २००९ आणि २०१० त्यांचंच होतं.

‘अपराजित मोसम’ या शब्दाचीही गंमत अशीच. जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावरची पथकं कॅलिफोर्नियात आपापसांत स्पर्धा करतात, पूर्वेकडची आणि मध्यभागातली पथकं आपापल्या भागात. मुख्य प्रतिस्पर्धी जुलैपर्यंत समोरासमोर येतही नाहीत. एकाच रात्री दोन गावांत मिळालेले ८५ आणि ८५.५ यांची तुलना होऊ शकत नाही, कारण परीक्षक वेगळे. त्यामुळे जुलै अखेरीच्या मोठ्या प्रादेशिक स्पर्धांपासूनचा निकालच वजनदार मानावा. त्या निकषावरही २००२ चे कॅव्हेलियर्स आणि २०१४ चे ब्लू डेव्हिल्स अव्वल ठरतात. २०१४ चे गुण ९९.६५, दुसऱ्या क्रमांकापेक्षा जवळजवळ अडीच जास्त. या स्पर्धेतला तो उच्चांक आहे. तिथून वर चढायला ०.३५ च उरतात.

ब्लू डेव्हिल्सचं खरं वर्चस्व क्रमांकांच्या पट्टीत दिसतं. २००७ ते २०२३ या काळात १५ मोसमांत स्पर्धा झाली. त्यांत दहा विजेतेपदं आणि पाच उपविजेतेपदं: २००८, ११, १३, १६ आणि १८. पंधरा मोसमांत एकदाही तिसरा क्रमांक नाही. कोणत्याही तीनच्या मालिकेपेक्षा हे कठीण आहे, कारण सभासद दरवर्षी बदलतात आणि चांगला वादक पुढच्या वर्षी दुसऱ्या पथकात जाऊ शकतो.

त्यामागची यंत्रणा उघड आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्ड इथे त्यांच्याच छत्राखाली बी आणि सी अशी धाकटी पथकं चालतात. शाळकरी वयापासून एकाच पद्धतीने श्वास, चाल आणि काठी धरायला शिकलेली मुलं वर येत राहतात. बिंगोच्या खेळातून संस्थेला नियमित पैसा मिळत आला, त्यामुळे शिकवणारी मंडळी वर्षानुवर्षं टिकली. रचना पूर्ण करण्याची घाई ते करत नाहीत. जुलैत शेवटचा भाग बदलायचा, अर्थ न लागणारी हालचाल काढून टाकायची आणि तरीही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सफाई गाठायची, हे त्यांना जमतं. इतर पथकं नेमकी इथे अडकतात. जूनमध्येच भरगच्च ड्रिल लिहिली की सगळा जुलै ती बसवण्यात जातो आणि स्वच्छ करायला दिवस उरत नाहीत. उलट टोक म्हणजे लवकर सफाई गाठून आशय पातळ राहणं. अशा पथकाचे गुण जुलैच्या मध्यावर वर दिसतात, पण मग वाढायचे थांबतात आणि शेवटच्या दोन आठवड्यांत मागचे पुढे निघून जातात.

२०२४ ला ब्लूकोट्सने विजेतेपद मिळवलं, त्यामुळे २०१९ पासूनची मोजणी तीनवर थांबली. २०२५ ला बॉस्टन क्रुसेडर्सने आपलं पहिलं विजेतेपद नेलं. निखळ तीनची मालिका ज्यांच्या नावावर आहे ते कॅडेट्स २०२४ पासून मैदानात नाहीत.