कोल्स्टनचा चौथरा रिकामा कसा झाला

'या शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एकाच्या स्मरणार्थ, ब्रिस्टलच्या नागरिकांनी उभारले, इ. स. 1895.' इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील ब्रिस्टल शहरात, ऐन मध्यवस्तीत, एडवर्ड कोल्स्टनच्या ब्राँझच्या पुतळ्याखाली या अर्थाची पाटी होती. 7 जून 2020 रोजी आंदोलकांनी दोर लावून तो पुतळा खाली ओढला, रस्त्यावरून लोटत धक्क्यावर नेला आणि पाण्यात ढकलून दिला. ती दृश्ये जगभर पाहिली गेली. पाहणाऱ्याला सहज वाटावे, की जमाव भडकला आणि हाताला लागेल ते पाडून मोकळा झाला. मला मात्र ही गोष्ट त्या पाटीपासूनच सांगायला हवी असे वाटते, कारण पुतळ्याआधी भांडण झाले ते शब्दांवरून.

कोल्स्टनचा जन्म ब्रिस्टलमधल्या व्यापारी घराण्यातला, 1636 सालचा. आयुष्य बरेचसे लंडनमध्ये गेले. 1680 मध्ये तो रॉयल आफ्रिकन कंपनीत आला. पश्चिम आफ्रिकेशी होणाऱ्या इंग्रजी व्यापाराचा मक्ता 1672 च्या राजसनदेने याच कंपनीकडे होता. सोने आणि हस्तिदंत यांच्या जोडीने माणसे हा तिचा माल. 1689-90 मध्ये कोल्स्टन तिचा उपगव्हर्नर होता आणि 1692 मध्ये तो बाहेर पडला. या बारा वर्षांत कंपनीच्या जहाजांनी अटलांटिकपलीकडे नेलेल्या माणसांचा इतिहासकारांचा अंदाज सुमारे 84 हजार आहे. त्यांपैकी सुमारे 19 हजार वाटेतच मेली. लोकांच्या छातीवर कंपनीची अक्षरे तापल्या लोखंडाने डागली जात. हे कारभारी मंडळाच्या नकळत चाललेले नव्हते. जहाजे किती, माणसे किती, पोचली किती, याचे हिशेब याच मंडळींसमोर येत.

या व्यापाराचा एक धागा आपल्या समुद्रातून जातो आणि तो मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेताना जो माल दिला जाई, त्यात हिंदुस्थानी सुती कापडाचा मोठा वाटा होता. दुसरे चलन कवड्यांचे. मालदीवच्या कवड्या जहाजांच्या तळाशी वजन म्हणून भरून युरोपात जात आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत. आपण 'कवडीमोल' म्हणतो तेव्हा किंमत शून्य असे म्हणायचे असते. गिनीच्या किनाऱ्यावर त्याच कवड्या मोजून माणूस विकला जात होता.

कोल्स्टनने पैसा दिलाही भरपूर. ब्रिस्टलमध्ये त्याने वृद्धांसाठी निवासगृह बांधले, शंभर मुलांची शाळा काढली, चर्चना देणग्या दिल्या. मात्र इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांतल्या कुटुंबांना त्याच्या संस्थांची दारे बंद होती. 1721 मध्ये तो वारला. तोवर कंपनीचा मक्ता संपला होता (1698) आणि ब्रिस्टलचे व्यापारी स्वतः या धंद्यात उतरले होते. 1807 मध्ये बंदी येईपर्यंत या एका बंदरातून दोन हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या आणि सुमारे पाच लाख माणसे नेली गेली. 1833 च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामी उठवली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना एक पेनीही नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळलेला होता. हिंदुस्थानसाठी वेगळा कायदा यायला 1843 साल उजाडले.

आता 1895 कडे पाहा. कोल्स्टनला मरून 174 वर्षे झाली होती आणि गुलामांचा व्यापार हे पाप आहे हे इंग्लंडमध्ये शाळकरी मुलालाही शिकवले जात होते. मग पुतळा आताच का? ब्रिस्टलमध्ये गोदी आणि कारखान्यांतले संप पेटलेले होते. 1892 च्या नाताळाच्या तोंडावर संपकऱ्यांच्या मोर्चावर घोडदळ घातले गेले होते. श्रीमंत दाता आणि कृतज्ञ शहर, हे चित्र शहरातल्या धनिकांना तेव्हा हवेसे वाटले असल्यास नवल नाही. पुढाकार घेतला जेम्स ॲरोस्मिथ या प्रकाशकाने. शिल्पकार होते जॉन कॅसिडी. पाटीवर 'नागरिकांनी' असे कोरले गेले, पण प्रत्यक्षात वर्गणी पुरी पडली नव्हती. लोकांच्या प्रेमाने आपोआप उगवलेला हा पुतळा नव्हता. गुलामांच्या व्यापाराबद्दल पाटीवर एक अक्षरही नव्हते.

ते अक्षर लिहिले जावे यासाठी पुढची शंभर वर्षे गेली. 1920 मध्ये ब्रिस्टलच्याच एका पाद्र्याने कागदपत्रे धुंडाळून कोल्स्टनचा या व्यापारातला सहभाग छापून मांडला. शहराने ऐकून सोडून दिले. पुतळ्याला 1977 मध्ये संरक्षित वास्तूचा दर्जाही मिळाला.

दरम्यान शहर बदलले होते. कॅरिबियनमधून आलेली कुटुंबे इथे राहत होती. 1963 मध्ये स्थानिक बस कंपनीने कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना चालक-वाहक म्हणून घ्यायला नकार दिला, तेव्हा पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांनी कंपनी नमली. नव्या धोरणानंतरचे पहिले वाहक रघबीर सिंग नावाचे शीख गृहस्थ होते. या माणसांची मुले-नातवंडे रोज कोल्स्टनच्या पायाशी बसची वाट बघत उभी राहायची, कोल्स्टनच्या नावाच्या शाळांत जायची. ही रोजची टोचणी बाहेरच्यांना कळणे अवघड आहे. 1998 मध्ये कोणीतरी पुतळ्यावर 'गुलामांचा व्यापारी' असे रंगाने लिहिले. 1999 मध्ये बंदरावरच्या नव्या पादचारी पुलाला पेरो जोन्स याचे नाव दिले गेले. वयाच्या बाराव्या वर्षी कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे मालकाबरोबर ब्रिस्टलला आला होता. पूल झाला, पण पुतळ्याची पाटी तीच राहिली.

2018 मध्ये महापालिकेने दुसरी पाटी लावायचे ठरवले. पहिल्या मसुद्यात 84 हजारांचा आकडा होता, त्यांत 12 हजार मुले होती हेही होते, आणि खासदार म्हणून कोल्स्टनने या व्यापाराची पाठराखण केली हेही. मग खल सुरू झाला. कोल्स्टन जिचा सभासद होता ती व्यापाऱ्यांची जुनी संस्था, सोसायटी ऑफ मर्चंट व्हेंचरर्स, तिच्याकडून बदल सुचवले गेले. मुलांचा आकडा गेला, वाक्ये मवाळ झाली. शेवटी 2019 च्या मार्चमध्ये महापौर मार्विन रीस यांनी हा मजकूर नामंजूर केला. रीस यांचे वडील जमैकाचे. पाटी लागलीच नाही. माझ्या मते पुतळा खऱ्या अर्थाने इथे डळमळला. अर्ज, सभा, समित्या हा सनदशीर मार्ग लोकांनी चालून पाहिला होता आणि त्यातून चार खरी वाक्येसुद्धा निघाली नव्हती.

मे 2020 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला आणि ठिणगी पडली. ब्रिस्टलच्या मोर्चात सुमारे 10 हजार लोक होते. पुतळा पाण्यात पडला तो पेरोच्या पुलाजवळच. पोलिसांनी हस्तक्षेप केला नाही. गृहमंत्री प्रीती पटेल यांनी निषेध केला. नुकसानीचे समर्थन करणार नाही, पण हा पुतळा माझ्यासारख्यांचा अपमान होता हे नाकारणारही नाही, अशी रीस यांची भूमिका होती. चार दिवसांनी पुतळा बाहेर काढून धुतला, तेव्हा त्याच्या कोटाच्या आत 1895 चे एक मासिक सापडले. बसवणाऱ्या कारागिरांनी त्यावर आपली नावे लिहून ठेवली होती.

चार जणांवर खटला चालला. आपला सहभाग त्यांनी नाकारला नाही. 5 जानेवारी 2022 रोजी ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षी अपील न्यायालयाने स्पष्ट केले, की मोठ्या नुकसानीला आंदोलनाच्या हक्काचे कवच मिळत नाही. स्मारकाची नासधूस केल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल अशी तरतूदही संसदेने केली. 'ठेवा आणि समजावून सांगा' हे सरकारचे धोरण होते. ऐकायला रास्त वाटते, पण ब्रिस्टलमध्ये समजावून सांगायलाच तर अडवले गेले होते.

हटवलेल्या पुतळ्याचे करायचे काय, हा प्रश्न मुंबईलाही पडला होता. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड 1965 मध्ये राणीच्या बागेत गेला आणि नाव तेवढे चौकात उरले. ब्रिस्टलने लोकांना विचारले. जवळपास 14 हजार जणांनी मत नोंदवले आणि बहुसंख्यांनी संग्रहालयाच्या बाजूने कौल दिला. 2024 पासून धक्क्यावरच्या एम शेड संग्रहालयात कोल्स्टन कायमचा आहे. अंगावरचा लाल-निळा रंग तसाच ठेवला आहे आणि त्याला उभे न करता आडवे ठेवले आहे. चौकातला चौथरा रिकामा आहे. त्यावर आता नवी पाटी आहे. पुतळा कधी बसवला, आफ्रिकन लोकांना गुलाम करण्यात कोल्स्टनचा वाटा काय होता आणि पुतळा कोणत्या दिवशी पाडला गेला, हे तिच्यावर लिहिले आहे.