वुडहाउस यांची गीते व विनोदी लेखन

सर पेलम ग्रेनव्हिल वुडहाउस (१५ ऑक्टोबर १८८१ – १४ फेब्रुवारी १९७५). इंग्रज विनोदी कथा-कादंबरीकार, गीतकार व नाटककार. जन्म गिल्डफर्ड येथे. वडील हाँगकाँगला नोकरीत असल्याने बालपणाचा बराच काळ आत्या-मावश्यांकडे गेला. त्यांच्या कथांत खडूस आत्यांची जी फौज दिसते, तिचे मूळ बहुधा इथेच असावे. डलिच कॉलेजातील शिक्षणानंतर दोन वर्षे लंडनमध्ये बँकेत काढली आणि १९०२ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन पत्करले. सुरुवातीच्या कादंबऱ्या शाळकरी मुलांच्या, क्रिकेटने भरलेल्या आहेत.

आपल्याकडचे वाचक त्यांना जीव्ह्‌ज हा चतुर खासगी नोकर आणि ब्लँडिंग्ज कॅसल ही उमरावाची हवेली यांच्या कथांमुळे ओळखतात. गीतकार वुडहाउस तितके माहीत नाहीत, पण त्यांच्या कादंबऱ्यांची बांधणी समजायला तीच बाजू आधी पाहावी लागते.

न्यूयॉर्कच्या प्रिन्सेस थिएटरमध्ये आसने होती अवघी २९९. भव्य देखावे आणि नर्तिकांचा ताफा तिथे मावणारा नव्हता, परवडणाराही नव्हता. त्यामुळे गाणे कथानकातूनच उगवणे भाग होते. संगीतकार जेरोम कर्न, संहिताकार गाय बोल्टन आणि वुडहाउस या त्रयीचे ‘ओ, बॉय!’ (१९१७) हे संगीत नाटक याच छोट्या नाट्यगृहात उभे राहिले. कर्न आधी चाल देत, शब्द नंतर बसत. वुडहाउस यांना हीच पद्धत सोयीची वाटे : आधी शब्द लिहिले की छंद ठरावीक साच्यात पडतो, चालीतले अनपेक्षित आघात मात्र नवे यमक शोधायला लावतात. धोका असतो तो शब्दाचा आघात आणि सुराचा आघात वेगवेगळ्या जागी पडण्याचा. तसे झाले की ओळ ऐकू येते, पण विनोद हुकतो.

‘बिल’ हे गाणे १९१८ च्या ‘ओ, लेडी! लेडी!!’साठी लिहिले होते, पण प्रयोगातून वगळले गेले. नायक देखणा नाही, विशेष हुशार नाही, तरी तो आवडतो, एवढाच त्याचा आशय. १९२७ मध्ये ऑस्कर हॅमरस्टीन यांनी शब्दांत थोडे फेरफार केले आणि ते ‘शो बोट’ या संगीत नाटकात गाजले.

स्वतःच्या कादंबऱ्यांना वुडहाउस संगीताविना संगीतिका मानत. त्यातली पात्रे नटांसारखी प्रवेश करतात, आणि मोठ्या पात्राला रिकामे बसवून ठेवलेले त्यांना चालत नसे. लिहिण्याआधी शेकडो पाने टिपणे काढून, प्रसंगांची साखळी जुळवून सविस्तर आराखडा होई. मग खर्डा. काही काळ ते टाइप केलेली पाने भिंतीवर टाचून ठेवत. पान सुधारत गेले की वर सरके आणि खाली राहिलेल्या पानांवर पुन्हा काम होई.

जीव्ह्‌ज १९१५ च्या एका कथेत पहिल्यांदा आला तेव्हा त्याला जेमतेम दोन वाक्ये होती. पुढे सूत्र पक्के झाले : निवेदन जीव्ह्‌जचा मालक बर्टी वूस्टर याचे, त्यात क्लबमधली बोलभाषा आणि शेक्सपिअरची अर्धवट आठवलेली अवतरणे, चूक दुरुस्त करायची ती जीव्ह्‌जने, अदबीने. बर्टीचा आवाज काढून घेतला की हे यंत्र अडते. बोल्टनबरोबरच्या नाटकावरून लिहिलेल्या ‘रिंग फॉर जीव्ह्‌ज’मध्ये (१९५३) बर्टी नाही, निवेदन तृतीयपुरुषी आहे, आणि जीव्ह्‌ज एकाएकी नुसता हुशार नोकर वाटू लागतो. ब्लँडिंग्ज कथांत मात्र तृतीयपुरुषी निवेदनच शोभते, कारण तिथे एकाच वेळी चार-पाच कारस्थाने चालू असतात आणि कॅसलचे मालक लॉर्ड एम्सवर्थ यांचे लक्ष फक्त आपल्या लाडक्या डुकरिणीकडे असते.

१९४१ मध्ये जर्मनांच्या स्थानबद्धतेतून सुटल्यावर बर्लिनहून केलेल्या पाच नभोवाणी भाषणांमुळे त्यांच्यावर इंग्लंडमध्ये कडाडून टीका झाली. युद्धानंतर ते अमेरिकेत राहिले, १९५५ मध्ये तिथले नागरिक झाले. ‘सर’ हा किताब मृत्यूआधी काही आठवडे मिळाला. अखेरची ब्लँडिंग्ज कादंबरी अपुरी राहिली. १९७७ मध्ये ती त्यांच्या कच्च्या टिपणांसह छापली गेली. विनोदात न बुडवलेले कोरडे कथानक त्यांच्या हाती कसे दिसे, हे पाहायला ती टिपणे फार उपयोगी आहेत.