आकर्षजन्य हृद्‌शूल : श्रमचाचणीद्वारे निदान

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी काही मिनिटे आवळली जाऊन छातीत येणारी कळ म्हणजे आकर्षजन्य हृद्‌शूल. आकर्षाला डॉक्टर स्पॅझम म्हणतात. श्रमचाचणी म्हणजे छातीला इसीजीच्या (हृदयाच्या विद्युत आलेखाच्या) तारा लावून सरकत्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, चालवून घेतलेली चाचणी. ती सातारा-सांगलीकडे ‘टीएमटी’ किंवा ‘स्ट्रेस टेस्ट’ या नावांनीच परिचित असल्याने तिची सविस्तर कृती येथे दिलेली नाही.

हृद्‌शूल आणि श्रम यांची सांगड इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डेन यांच्या १७६८ मधील वर्णनापासूनची आहे. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ मायरन प्रिंझमेटल यांनी १९५९ मध्ये निराळा प्रकार मांडला : कळ विश्रांतीत येते, श्रमाने सहसा येत नाही आणि त्या वेळी इसीजीतील एसटी रेषा (प्रत्येक ठोक्याच्या आलेखातील दोन लहरींमधला भाग) खाली न जाता वर उचलली जाते. आकर्षाच्या कल्पनेचे श्रेय अनेकदा त्यांनाच दिले जाते. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्य विल्यम ऑस्लर यांनीही ती मांडली होती. प्रिंझमेटल यांचा भर आधीच अरुंद झालेल्या रोहिणीचा ताण तात्पुरता वाढण्यावर होता. कळेचा झटका चालू असताना आवळलेली रोहिणी फिलिप ऑलिव्हा व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अँजिओग्राफीत (रोहिणीत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रणात) दाखवली. वरकरणी निर्दोष दिसणाऱ्या रोहिणीतही आकर्ष होतो, हे पुढे मान्य झाले.

‘श्रमाने येत नाही’ हा भाग मात्र टिकला नाही. जपानी हृदयरोगतज्ज्ञ हिरोफुमी यासुए व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये अशा १३ रुग्णांना एकाच दिवशी पहाटे व दुपारी ट्रेडमिलवर चालवले. पहाटे तेराही जणांना एसटी उंचावून झटका आला, दुपारी फक्त दोघांना. प्रोप्रॅनोलॉल या बीटारोधक औषधाने हे झटके थांबले नाहीत, रोहिणी सैल ठेवणाऱ्या डिल्टियाझेम या कॅल्शियमरोधकाने थांबले. रुग्णसंख्या लहान असली तरी प्रिंझमेटल यांच्या सरसकट विधानापेक्षा हे निरीक्षण अधिक ग्राह्य वाटते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांतही सकाळी श्रमक्षमता घटणे हे लक्षण घेतले आहे.

म्हणून चाचणीच्या निकालाइतकीच तिची वेळ महत्त्वाची. पहाटे अजिंक्यताऱ्याची चढण चढताना छाती धरणारा माणूस संध्याकाळी तीच वाट विनातक्रार चढत असेल, तर ही तफावतच निदानाचा धागा ठरते. जत-आटपाडीहून मिरजेला किंवा दहिवडीहून साताऱ्याला पहिल्या एसटी बसने निघालेला रुग्ण पट्ट्यावर उभा राहीपर्यंत ती वेळ बहुधा टळून गेलेली असते. अशा वेळी आलेल्या ‘नॉर्मल’ अहवालाने आकर्ष वगळता येत नाही. नायट्रेट (रोहिणी सैल करणारे औषध) किंवा डिल्टियाझेमसारखे औषध घेऊन केलेल्या चाचणीचेही तसेच; ते कधी थांबवायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे.

लगतच्या किमान दोन लीडमध्ये (इसीजीच्या वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या नोंदींमध्ये) एसटी १ मिमी उंचावणे अर्थपूर्ण मानतात; ती खाली गेली तरी आकर्ष असू शकतो. चालणे संपल्यावर, विसाव्याच्या मिनिटांतही बदल दिसतात, त्यामुळे तारा लगेच काढू नयेत. उलट, पूर्वीच्या हृदयविकाराच्या झटक्याची खूण असलेली क्यू लहर दिसणाऱ्या लीडमध्ये एसटी उचलली गेल्यास ते आकर्षाचे लक्षण समजत नाहीत. स्थिर पण तीव्र अडथळ्यानेही रेषा वर जाऊ शकते, म्हणून अँजिओग्राफी लागते. गरज पडल्यास त्याच वेळी ॲसिटिलकोलीन (रोहिणी आवळायला लावू शकणारे रसायन) देऊन आकर्ष मुद्दाम उद्भवून पाहतात. पट्ट्यावरच्या आकर्षात हृदयाची घातक अनियमितता उद्भवू शकत असल्याने जिभेखालची नायट्रेट आणि डीफिब्रिलेटर (विजेचा धक्का देऊन ठोके पूर्ववत करणारे यंत्र) हाताशी हवेत.

उपचारांत धूम्रपान बंद करणे व कॅल्शियमरोधक औषधे प्रमुख आहेत.