शाळेतली जंकफूड बंदी वेगळी, गेटाबाहेरचं खाणं वेगळं

पोरांची वजनं वाढली हा विषय पालकांच्या ग्रुपवर निघाला की कुणीतरी लिहितंच, "शाळेत जंकफूडला बंदी आहे ना, मग कसं काय?" लगेच दुसरं कुणी म्हणतं, कसली बंदी, कागदावर आहे सगळं. खरं तर दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. शाळेत काय विकायचं याचा नियम ही एक, आणि शाळा, घर, क्लास यांच्या आसपास काय मिळतं ही दुसरी.

नियमाचं आधी सांगतो, ते सोपंय. 2017 च्या मे महिन्यात आपल्या राज्य सरकारने जीआर काढला, कॅन्टीनमधून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, कोल्ड्रिंक बंद, त्याऐवजी खिचडी, इडली, उपमा ठेवा. मग एफएसएसएआयचा (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) 2020 चा नियम आला, त्यात फॅट, साखर, मीठ जास्त असलेलं काही शाळेत आणि गेटापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकायचं नाही, शाळेत त्याची जाहिरातही करायची नाही. 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर हे दाखवणारे फलक, लावायला सांगितलं. (शालेय पोषण आहार हे तिसरंच प्रकरण, ती योजना भुकेसाठी आहे, पहिली ते पाचवीला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन, त्या खिचडीला उगाच या वादात ओढू नका.)

आता गेटाबाहेर या. पूर्वी तिथे एखादी मावशी बोरं, चिंचा, तिखटमीठ लावलेला पेरू घेऊन बसायची, आता त्याच जागी टपरीवर पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात, अगदी चौथीतल्या पोराचा हात पोचेल इतक्या खाली, आणि पाच रुपयात पेरूची अर्धी फोडसुद्धा येत नाही हो. बरं 50 मीटर म्हणजे किती, पोरगं मिनिटभरात चालत जातं. त्यात शाळा सुटल्यावर क्लास, क्लासच्या खाली वडापाव नाहीतर चायनीजची गाडी, घरी यायला रात्रीचे आठ. शाळेत त्याने काय खाल्लं, एक डबा. बाकी सगळं नियमाच्या बाहेर.

म्हणून नियम फालतू का? अजिबात नाही. कॅन्टीन हातात असलेली गोष्ट आहे, मुख्याध्यापकांनी ठरवलं तर सोमवारपासून समोसा बंद होतो. आजूबाजूचं तसं नाही. कॅलिफोर्नियातल्या शाळांचा एक अभ्यास 2010 चा आहे, शाळेपासून साधारण 160 मीटरच्या आत फास्टफूडचं दुकान असेल तर नववीच्या मुलांमधला लठ्ठपणा 5.2 टक्क्यांनी जास्त दिसला, म्हणजे अंतराचा फरक पडतो. पण उलट करून बघितलं तर? फिलाडेल्फियात एका वस्तीत नवीन सुपरमार्केट आलं, दुकान आलंय हे लोकांना कळलं, पण भाज्या-फळं खाणं काही वाढलं नाही आणि वजनंही तशीच राहिली (तो अभ्यास मोठ्यांवरचा होता, पण किराणा मोठी माणसंच आणतात ना). नुसतं चांगलं जवळ आणून भागत नाही, वाईट जवळून हलवावं लागतं, असं माझं मत.

तंबाखूचं बघा, शाळेपासून 100 यार्डात विक्रीला बंदी 2003 च्या कायद्यापासून आहे, आपल्याकडे तंबाखूमुक्त शाळांसाठी रस्त्यावर पिवळी रेषा मारतात, दुकानदाराला ती दिसते. 50 मीटरची अशी रेषा मी तरी कुठे बघितली नाही.

त्यामुळे तक्रार करताना आधी ठरवा कशाची करताय. कॅन्टीनमध्ये काही विकत असतील तर मुख्याध्यापक आणि पालक सभा. गेटासमोर गाडी असेल तर एफडीए (राज्याचं अन्न व औषध प्रशासन), आणि ती फुटपाथवर असेल तर महापालिकापण. आणि साठाव्या मीटरवरच्या दुकानाबद्दल तक्रार करायला कुठलंच ऑफिस नाही, तिथे पोराच्या खिशात किती पैसे देता एवढंच आपल्या हातात आहे.