शेळी आधी, म्हैस शेवटी

२०२३ च्या फेब्रुवारीत भारतीय पशु कल्याण मंडळाने १४ तारखेला गायीला मिठी मारण्याचं आवाहन केलं आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं. जनावराला कवटाळलं की मन बरं होतं, ही समजूत मात्र मागे राहिली. अभ्यासात मागे पडलेल्या, चारचौघांत अंग चोरणाऱ्या पोराला गोठ्यात न्यावं हे खरंच, पण मिठीसाठी नव्हे, कामासाठी.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं की ‘हे मला जमेल’ हा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः करून, दुसऱ्याचं पाहून, कुणी धीर दिल्याने आणि आपली छाती धडधडतेय की शांत आहे यावरून. यातली पहिली वाट सगळ्यांत पक्की. सापाला घाबरणाऱ्या माणसांवरच्या त्यांच्या प्रयोगांत, नुसतं बघत बसलेल्यांपेक्षा सोबतीने, टप्प्याटप्प्याने सापाला हात लावणाऱ्यांची भीती जास्त गेली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शाळा सुटलेली मुलं हाताने काम करतच शिकतात, त्यात शेती आणि पशुपालनही येतं.

गोठ्यातल्या सगळ्या कामांत धार काढणं हा सर्वांत प्रामाणिक धडा, कारण भांड्यातलं दूध कुणाची खोटी स्तुती करत नाही.

कासेतलं थोडं दूध सडाच्या वरच्या पोकळीत साठलेलं असतं, बाकीचं सूक्ष्म पिशव्यांत अडकलेलं. सडाला झालेला स्पर्श मज्जातंतूंवाटे मेंदूत पोचतो, तिथली पीयूषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सोडते, ते रक्तातून कासेत येतं आणि पिशव्यांभोवतीच्या आकुंचन पावणाऱ्या पेशी आवळल्या जातात. दूध खाली उतरतं. हाच पान्हा. गायीत याला मिनिट-दीड मिनिट लागतं आणि जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. जनावर बिचकलं तर ऑक्सिटोसिन कमी सुटतं, शिवाय अॅड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून जे सुटलं तेही कासेपर्यंत पुरेसं पोचत नाही. जनावर पान्हा चोरतं ते असं. अशा वेळी दृष्ट लागली म्हणून गोठ्यावर लिंबू-मिरची टांगतात. त्याऐवजी नवा माणूस, आरडाओरडा, सडाची जखम बघावी. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून दूध उतरवणं तर कायद्याने गुन्हा आहे.

आता क्रम. शेळीचं निम्म्याहून बरंच जास्त दूध पोकळीतच असतं, गायीचं साधारण पाचवा हिस्सा, म्हशीचं जेमतेम पाच टक्के. म्हणजे घाबरलेल्या हातालाही शेळी काहीतरी देतेच, म्हैस देत नाही. म्हणून सुरुवात शेळीपासून.

पहिला आठवडा धार नाही. एकच शेळी पोराच्या नावावर: चारा, पाणी, लेंड्या झाडणं. पस्तीस किलोच्या शेळीला ओला चारा तीन-चार किलो, तोही तराजूवर तोलून वहीत लिहायचा. दुसऱ्या आठवड्यात शेळी ओट्यावर उभी करून पुढ्यात खुराक ठेवावा. कास कोमट पाण्याने धुवून कोरड्या फडक्याने पुसावी. पहिल्या तीन-चार चिरकांड्या काळ्या फडक्यावर सोडाव्यात. गुठळ्या दिसल्या तर दगडी, म्हणजे कासेचा दाह, समजावी आणि डॉक्टरला बोलवावं. मग अंगठा आणि तर्जनीने सड वरून बंद करायचा आणि एकेक बोट मिटत मूठ आवळायची. नवखा हात हमखास चिमटीने ओढतो किंवा अंगठा दुमडून दाबतो. दोन्हींनी सडाला आतून इजा होते, शेळी पाय झाडते, भांडं लवंडतं.

इथेच बहुतेक कार्यक्रम फसतात. शिकवणारा ‘बाजूला हो, मी काढतो’ म्हणून पुढे बसतो आणि पोराला पुन्हा तेच कळतं की आपल्याला जमत नाही. मदत करायची तर शेळीचं डोकं धरावं, सड त्याच्याच हातात राहू द्यावेत. काम नसताना दिलेली शाबासकीही पोरं लगेच ओळखतात.

धार झाली की सड जंतुनाशकात बुडवावेत आणि चारा टाकावा. सडाचं तोंड लगेच मिटत नाही, म्हणून अर्धा तास शेळी बसू नये. हात साबणाने धुवावेत, दूध उकळूनच प्यावं आणि गाभ टाकलेल्या शेळीजवळ मुलांना जाऊ देऊ नये, जनावरांकडून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिस या आजाराचा धोका असतो.

फळ लगेच दिसेल असं मानू नये. नॉर्वेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक आजार असलेली प्रौढ माणसं बारा आठवडे गोठ्यात काम करत होती. त्यांच्या आत्मविश्वासातली वाढ काम संपल्यानंतर सहा महिन्यांनी मोजली तेव्हा दिसली. ती मुलं नव्हती, तरी एका महिन्यात ‘नवा माणूस’ घडवून देण्याची जाहिरात करणाऱ्या शिबिरांनी हे ध्यानात ठेवावं.

म्हैस तीन-चार महिन्यांनी. पारडू समोर बांधून, सडांवरून हळू हात फिरवत, भांडं रिकामं असताना दोन मिनिटं, कधी जास्तही, थांबावं लागतं. आवाज चढला, हात आवळला की पान्हा परत गेलाच. त्या दोन मिनिटांत शिकवणाऱ्यानेही बोलायचं नाही.