कवळीच्या बेसमध्ये वनस्पतीचे धागे: मागची गोष्ट

वरची कवळी मोडते ती बहुतेक वेळा बरोबर मध्यावर. वयोमानाने हिरडीखालचे हाड झिजते, टाळूचा मधला कठीण भाग मात्र तसाच राहतो. मग प्रत्येक घासाला कवळी त्यावर किंचित वाकते आणि समोरच्या दोन दातांजवळून बारीक चीर निघते. एक दिवस भाकरीचा तुकडा चावताना किंवा बेसिनमध्ये हातातून निसटून तिचे दोन तुकडे होतात. आपल्याकडच्या किती आजी-आजोबांनी ते चिकटवून पुढची वर्षे काढली असतील! म्हणूनच कवळीचा गुलाबी बेस, म्हणजे ज्यात दात बसवलेले असतात तो भाग, भक्कम करण्याचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

त्यासाठी आता बेसमध्ये वनस्पतीचे धागे घालून पाहतात. पण कवळीत वनस्पती पूर्वीपासूनच आहेत. जपानमध्ये 1538 साली निवर्तलेल्या नाकाओका तेई या बौद्ध भिक्षुणीची कवळी अख्खी लाकडात कोरलेली होती. युरोपात हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात वापरत. ते महाग असत आणि तोंडात कुजत. चार्ल्स गुडइयरने झाडाच्या चिकापासूनचे रबर गंधक घालून टिकाऊ केले, आणि 1850 नंतर त्याच्याच कडक रूपाच्या, व्हल्कनाइटच्या, कवळ्या सामान्य माणसाला परवडू लागल्या. त्यांना हिरडीसारखा रंग यावा म्हणून त्यात हिंगूळ, म्हणजे चक्क पाऱ्याचे संयुग, घालत. या कवळ्यांवरच्या पेटंटच्या पैशांच्या वसुलीवरून दंतवैद्य इतके चिडले होते की 1879 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चॅलफंट या दंतवैद्याने पेटंट कंपनीच्या जोसाया बेकनला गोळी घातली. कापूर आणि सेल्युलोजपासून बनवलेले सेल्युलॉइडही मधे येऊन गेले, पण ते वाकडे होई आणि तोंडात कापराची चव येई.

1936-37 च्या सुमारास अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिक आले आणि बाकी सगळे मागे पडले. पावडर आणि द्रव कालवून कणकेसारखा गोळा करायचा, साच्यात दाबायचा, गरम पाण्यात शिजवायचा. रंग हुबेहूब हिरडीचा, दुरुस्ती सोपी. ठिसूळपणा तेवढा राहिला. त्यावर धातूची तार घालून पाहिली, पण ती अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही. कार्बनचे धागे काळे दिसतात. काचेचे धागे चांगले काम करतात, पण त्यांच्यावर सिलेन या पकड वाढवणाऱ्या रसायनाची प्रक्रिया करावी लागते.

गेल्या काही वर्षांत संशोधक पुन्हा वनस्पतींकडे वळले. रॅमी (तागासारखे धागे देणारे झाड), बांबू, दातवणाचे मिसवाक, भाताच्या तुसाची राख, सेल्युलोजचे नॅनोकण असे बरेच काही तपासले गेले. आपल्या बांधावरच्या घायपाताचा वाक, म्हणजे त्याच्या पानातला धागा, हाही त्यात आहे. हे धागे स्वस्त, हलके आणि फिक्या रंगाचे.

खरी अडचण धाग्याच्या ताकदीची नाहीच, ती पकडीची आहे. सेल्युलोज पाणी ओढते, अ‍ॅक्रिलिक तसे नाही. म्हणून वाक आधी कॉस्टिक सोड्यात बुडवून त्यावरचा मेणचट थर आणि लिग्निन (वनस्पतीला कडकपणा देणारा घटक) काढतात. जॉन मर्सरने 1850 मध्ये कापसासाठी पेटंट घेतलेल्या प्रक्रियेचाच हा वापर. धागा नीट वाळला नाही तर बेसमध्ये पोकळ्या राहतात, जास्त घातला तर गुठळ्या होतात, आणि पृष्ठभागावर टोक आले तर ते हिरडीला टोचते. शिवाय खरखरीत जागी कँडिडा बुरशी सहज धरते.

शिजवलेल्या बेसला आंतरराष्ट्रीय मानकानुसार वाकवल्यावर न मोडण्याची किमान 65 मेगापास्कलची (हे दाब मोजण्याचे एकक) ताकद हवी. बऱ्याच चाचण्या अजून लॅबमधल्या छोट्या पट्ट्यांवरच होतात. कवळी मात्र वर्षानुवर्षे लाळेत भिजलेली असते आणि रोज हजारदा वाकते, त्यामुळे भिजलेल्या धाग्याची पकड किती टिकते हे आधी तपासायला हवे.