लॉर्ड पीटर मागे पडल्यावर: डोरोथी सेयर्स यांची शेवटची वीस वर्षे

इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स म्हटले की आपल्याकडे आठवतो तो हेर लॉर्ड पीटर विम्झी. त्याची पहिली कादंबरी 1923ची, अकरावी आणि शेवटची 1937ची. त्या वेळी लेखिका चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढे वीस वर्षे त्या जगल्या, भरपूर लिहीत राहिल्या, पण पीटरची नवी कादंबरी पूर्ण करून त्यांनी कधीच छापायला दिली नाही. या वीस वर्षांना रहस्यकथेतून घेतलेली निवृत्ती म्हणून दोन ओळींत गुंडाळण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे, कारण बाईंचे सर्वांत अवघड काम याच काळातले.

वळण 1937 सालीच दिसते. कँटरबरी कॅथीड्रलच्या महोत्सवासाठी त्यांनी पद्यनाटक लिहिले. त्याचा नायक होता 1174च्या आगीनंतर तिथले बांधकाम हाती घेणारा आणि परांचीवरून कोसळणारा गवंडी-स्थपती विल्यम ऑफ सेन्स. काम चोख करणे हीच कारागिराची उपासना, हा त्यातला विचार त्यांनी 1941च्या ‘द माइंड ऑफ द मेकर’मध्ये सविस्तर मांडला.

त्याच डिसेंबरात बीबीसीवर येशूच्या जीवनावरची त्यांची बारा नाटकांची माला सुरू झाली. साधारण दर चार आठवड्यांनी एक भाग, असे ते ऑक्टोबर 1942पर्यंत चालले. इंग्लंडच्या रंगमंचावर तेव्हा ख्रिस्ताचे पात्र आणायला परवानगी मिळत नसे. रेडिओवर नुसता आवाज, म्हणून वाट निघाली. तरी पहिला भाग ऐकण्याआधीच ओरड झाली, कारण शिष्यांच्या तोंडी बायबलची जुनी भारदस्त भाषा नव्हती, रस्त्यावरची होती. बाई मागे हटल्या नाहीत. 1943 साली आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी धर्मशास्त्राची मानद डॉक्टरेट देऊ केली, ती त्यांनी नाकारली.

मध्ययुगीन इटालियन कवी दान्ते त्यांच्या आयुष्यात आला तो इंग्रज लेखक चार्ल्स विल्यम्स यांच्या दान्तेवरच्या पुस्तकामुळे. 1944च्या उन्हाळ्यात जर्मन उडते बाँब पडत असताना आसऱ्याच्या जागी जाता जाता त्यांनी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या तीन खंडांच्या महाकाव्यातला ‘नरक’ हा पहिला खंड हातात घेतला आणि त्या गुंतल्या त्या कायमच्या. ऑक्सफर्डला त्यांचा विषय फ्रेंच होता. इटालियनची तयारी त्यांनी पन्नाशी उलटल्यावर केली. ‘नरक’चा अनुवाद पेंग्विनने 1949मध्ये काढला, ‘शुद्धिलोक’चा 1955मध्ये.

अडचण कुठे होती ते नीट पाहायला हवे. दान्तेच्या कडव्यात तीन ओळी असतात. पहिली आणि तिसरी यमकात. मधली ओळ पुढच्या कडव्याच्या पहिल्या-तिसऱ्या ओळीशी जुळते. आपल्या ज्ञानेश्वरीच्या ओवीतही तीन चरणांना यमक असते (ती 1290ची, म्हणजे दान्तेच्याच हयातीतली), पण ओवी चौथ्या चरणाशी मिटते. दान्तेचे कडवे मिटतच नाही. साखळी सर्गाच्या शेवटी एकट्या ओळीवर थांबते. ‘नरक’चे चौतीस सर्ग, 4,720 ओळी, हिशोब केला तर यमकांचे 1,596 गट लागतात, त्यांतले 1,528 तिहेरी. इटालियनमध्ये बहुतेक शब्द स्वरान्त, यमके हाताशी. इंग्रजीत तिसरा शब्द सापडता सापडत नाही. सापडला नाही तर मधल्या ओळीचा शब्द बदलायचा, आणि तो बदलला की आधी जमलेले पुढचे कडवेही उसवायचे.

म्हणून कित्येक अनुवादकांनी यमकच सोडले. सेयर्सनी ते धरून ठेवले आणि त्याची किंमत मोजली. पहिल्याच कडव्यात दान्तेची वाट नुसती ‘हरवलेली’ आहे. सेयर्सची ‘लॉस्ट अँड गॉन’. तो ‘गॉन’ आला आहे वरच्या ‘अपॉन’साठी. त्यानंतरची जुळणी वुड, रूड, ब्लड: उच्चारात तिन्ही वेगळे, अर्ध्या यमकावर भागवलेले. जुनाट शब्दांशेजारी बोलीतले शब्द येतात, याबद्दल टीकाही झाली. ती काही ठिकाणी पटते. पण कथा धावते, आणि दान्तेतला विनोद कानावर येतो, हे त्या साखळीमुळेच. ‘शुद्धिलोक’च्या सव्विसाव्या सर्गात आर्नो दानिएल हा कवी आपल्या प्रोव्हाँसाल (दक्षिण फ्रान्सच्या) भाषेत बोलतो, तिथे सेयर्सनी त्याला स्कॉट बोली दिली. इंग्रज वाचकाला शेजारची पण परकी वाटणारी भाषा हवी होती, ती नेमकी सापडली.

नकाशे, आकृत्या आणि प्रत्येक सर्गामागच्या टिपा हे या खंडांचे अर्धे बळ आहे. नऊ वर्षे जाहिरातीचा मजकूर लिहिलेल्या बाईंना सामान्य वाचक कुठे अडखळतो ते ठाऊक होते.

17 डिसेंबर 1957 रोजी एसेक्समधल्या विदम गावी, नाताळच्या खरेदीहून परतल्यावर, चौसष्टाव्या वर्षी त्यांचे अचानक निधन झाले. ‘स्वर्ग’च्या तेहतीसपैकी वीस सर्ग झाले होते. उरलेले तेरा त्यांच्या स्नेही, इटालियनच्या अभ्यासक बार्बरा रेनल्ड्स यांनी केले आणि 1962मध्ये खंड निघाला. साखळी प्रत्येक सर्गाशेवटी बंद होते, त्यामुळे एकविसाव्या सर्गाच्या पहिल्या ओळीपासून दुसऱ्या हाताला नवे यमक घेऊन सुरुवात करता आली.